जड साखर

डॉक्टर बोलायला सुरुवात करणार, त्याआधीच तिने पडद्यावरचं चित्र वाचून टाकलं होतं.

तो शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्याला दिसत होता माणसाचा एक राखाडी आकार आणि त्यात काळे डाग. चष्मा घरी राहिला होता, पण असता तरी काही कळलं नसतं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. मग त्याने बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तेवढं मात्र त्याला संसारात वाचता यायला लागलं होतं. तो चेहरा एकदम शांत झाला होता.

"वर काळा दिसतोय तो मेंदू," तिने त्याला सांगितलं, नव्या पाहुण्याला घर दाखवावं तसं. "तो सगळ्यांचाच असा दिसतो. खादाड असतो. खाली मूत्राशय. तेही ठीक."

"आणि हे मधलं?"

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. तिने हातानेच त्यांना थांबवलं.

"हे यकृत. आणि हे मणक्यातलं. इथे एवढी साखर जायला नको होती."

सकाळी तिच्या शिरेतून किरणं सोडणारी साखर दिली होती. मग तासभर न हलता, न बोलता पडून राहायला सांगितलं होतं, कारण माणूस नुसतं बोलला तरी जबड्याचे स्नायू साखर ओढतात. ती बिचारी गप्प पडून राहिली होती. आणि साखर जिथे जायची तिथे जाऊन बसली होती.

"मॅडम, तुम्ही याच क्षेत्रातल्या आहात..." डॉक्टर म्हणाले.

"हो ना. जन्मभर लोकांना साखर दिली आणि ती कुठे जाते ते बघत बसले. आज माझी पाळी."

डॉक्टर बराच वेळ बोलले. त्यांनी वर्षाचं नाव काढलं नाही, महिन्यांचं काढलं. तो मान हलवत राहिला. बाहेर आल्यावर दोघं लिफ्टपाशी उभी राहिली. लिफ्ट आली, थांबताना बारीकशी कुरकुरली.

"ब्रेक झिजलाय," तो म्हणाला. दुसरं काही सुचेना.

तिला हसू आलं. हसता हसता तिने त्याच्या दंडाला धरलं आणि तो खाली येईपर्यंत सोडला नाही.

त्यांची ओळखच मुळी लिफ्टने करून दिलेली.

संशोधनाची ती जुनी इमारत. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली, म्हणून त्याला बोलावणं आलं. त्याने किल्लीने दार उघडलं, तर छातीएवढ्या उंचीवर लिफ्टची जमीन आणि तिथे गुडघ्यावर बसलेली एक मुलगी. केस विस्कटलेले, कपाळाला आठ्या, आणि पोटाशी धरलेला एक डबा. अडकलेली माणसं दार उघडल्यावर काय म्हणतात ते त्याला पाठ होतं. ही तसलं काही म्हणाली नाही. तिने डबाच पुढे केला.

"हे घ्या आधी! तिसरा मजला, डाव्या हाताची शेवटची खोली, पांढरा फ्रीझर. पळा!"

"बाई, आधी माणूस बाहेर काढायचा, मग सामान. तसा नियम आहे."

"नियम गेला चुलीत! बर्फ वितळतोय, नमुने जातील!"

तो पळाला. का पळाला ते त्याला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. डबा ठेवून धापा टाकत परत आला आणि तिला हात दिला. तिने उडी मारली, कपडे झटकले आणि विचारलं, "दार लागलं का फ्रीझरचं?"

"दोनदा ढकलून बघितलं."

तेव्हा कुठे तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत — बैल बघायला आलेल्या गिऱ्हाइकासारखं.

"तुम्ही रोज जिने किती चढता?"

"लिफ्ट बंद असते म्हणून तर मला बोलावतात. सगळेच चढतो."

"मधुमेह?"

"नाही."

"सिगारेट?"

"नाही."

"लग्नाच्या —"

"नाही! नाही झालं अजून."

"अहो, लग्नाच्या जेवणाला कुठे जायचंय का या आठवड्यात, ते विचारत होते."

त्याचे कान तापले. तिने मान वळवली, पण ओठ दाबून ठेवलेले त्याला दिसलेच.

तिला तपासणीसाठी अंगमेहनत करणारी धडधाकट माणसं हवी होती. काय करायचं असतं, ते तिने त्याला जिन्यातच उभं राहून सांगितलं. साखरेत कार्बन असतो. सगळ्या कार्बनचं वजन सारखं नसतं, शंभरातला एखादा कण किंचित जड असतो. तिच्याकडची साखर खास केलेली, तिच्यातला कार्बन झाडून सगळा जड. चवीला तीच, पोटालाही तीच. पण अंगात ती कुठेही गेली, तिचं काहीही झालं, तरी तो जडपणा तिच्यासोबत जातो. श्वासातून बाहेर पडला की मशीन ओळखतं.

"म्हणजे मेंढरांना रंग लावून सोडतात तसं," तो म्हणाला.

"अगदी तसं."

"अपाय काही?"

"काही नाही. किरणंबिरणं नसतात तिच्यात. महाग आहे, एवढंच. सांडायची नाही." मग तिने बोट उगारलं. "आणि आठवडाभर साखर बंद, मकासुद्धा बंद. ऊस आणि मका, दोघांतही जड कार्बन मुळातच जरा जास्त. ते खाऊन आलात तर तुमचा श्वास आधीच जड. मग त्यातली माझी साखर कुठली, तुमची कुठली, काय कळणार मला?"

ठरलेल्या दिवशी तो उपाशीपोटी हजर झाला. जड साखर पाजायच्या आधी तिने त्याला एका पिशवीत फुंकायला लावलं. पिशवी मशीनला लावली आणि पडद्याकडे बघून मान हलवली.

"चहात साखर घेतलीत."

"अर्धा चमचा."

"अर्धा?"

"...दोन. रोज तीन कप."

"खोटं बोललेलं मला कळतं हं, मिस्त्री. जा घरी. पुढच्या महिन्यात या."

घरी त्याची मोठी बहीण होती. ताईने बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी वर्षानुवर्षं ओरडतेय, साखर कमी कर, तर या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. आणि आता कोण एवढी गुणाची भेटली?"

"संशोधन आहे ते, ताई."

"असेल असेल. संशोधनाला जाताना कुणी सदऱ्याला इस्त्री करत नाही."

त्याने आठवडाभर साखर सोडली, अगदी मनापासून. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभं राहून भाजलेली मक्याची कणसं खाल्ली. एक नाही, चार. चौथं तर घशाखाली उतरत नव्हतं, तरी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी ती पडद्याकडे बघतच राहिली. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. त्याला दुसऱ्यांदा फुंकायला लावलं. मग खुर्ची फिरवून त्याच्यासमोर आली.

"मिस्त्री, तुमच्या पोटात मक्याचं शेत उगवलंय का?"

तो बुटांकडे बघत राहिला.

"सांगितलं होतं ना मी? का खाल्लंत?"

"तपासणी नीट झाली असती, तर... तुम्ही परत बोलावलं नसतंत."

खोलीत मशीनचा पंप तेवढा घरघरत होता. ती उठली, खिडकीशी गेली, बंद असलेली खिडकी पुन्हा बंद केली.

"माझा अख्खा दिवस वाया घालवलात तुम्ही."

"माझा नाही गेला वाया."

"बोलायला बरं येतं की!"

"एवढं सगळं तुम्हाला श्वासातून कळतं," तो धीर करून म्हणाला, "मग... बाकीचं नाही कळत?"

"बाकीचं काय?"

"ते... बाकीचं."

"त्याचं मशीन नाही आमच्याकडे," ती म्हणाली. पण रागावून म्हणाली नाही.

तिसऱ्या खेपेला त्याने कसलीच लबाडी केली नाही. नंतर त्याला कळलं की त्या आठवड्यात तिनेही चहात साखर घातली नव्हती. त्याने विचारलं, तुम्ही का? तर म्हणाली, दुसऱ्याला सांगण्याआधी आपण करून बघावं. पण तिने त्याआधी कितीतरी जणांना सांगितलं होतं आणि करून कधीच बघितलं नव्हतं, हे तिच्या मैत्रिणीने पुढे फोडलं. ही मैत्रीण शेजारच्या खोलीतलं मोठं मशीन सांभाळायची.

त्या दिवशी त्याने ती साखर प्यायली आणि दिवसभर खुर्चीत बसून तो थोड्या थोड्या वेळाने पिशव्या फुगवत राहिला. मधल्या वेळात दोघं बोलत होती. ती त्याच्या श्वासावर लेबल लावायची, तो तिच्या बोटांकडे बघायचा. बाहेर आभाळ भरून आलं होतं, खोलीत भरदुपारी दिवे लावावे लागले. शेवटची पिशवी झाली तेव्हा ती म्हणाली, "तुमचं नाव मी या अभ्यासातून काढतेय."

तो खुर्चीतून उठला. "का? या वेळी खरंच शपथ —"

"श्वास स्वच्छ आहे तुमचा."

"मग?"

"नात्यातल्या माणसाची तपासणी आपण स्वतः करायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे."

"पण मी कुठे तुमच्या नात्यातला..."

ती नळ्यांना बुचं लावत होती. मान वर न करता म्हणाली, "विचार करा. घाई नाही."

त्या दिवशी तो जिना उतरत उतरत थेट तळघरात गेला. जन्म लिफ्टमध्ये काढलेल्या माणसाला मजला कळला नाही.

लग्न झालं. 'तुम्ही'चं 'तू' झालं, पण 'मिस्त्री' आणि 'बाई' तसेच राहिले. मूल झालं नाही. त्यावरून दोघांनी एकमेकांना कधी बोल लावला नाही. भांडणं झाली, बोलणं बंद झालं, पुन्हा सुरू झालं. कुणालाही पडतो तसा संसार त्यांच्याही अंगवळणी पडला. आणि मग ते चित्र.

चित्रानंतर चार दिवसांनी तिने विषय काढला. यकृतातल्या गाठीचा तुकडा सुईने काढायचा होता, औषध ठरवायला.

"तुकडा तर काढणारच आहेत," ती म्हणाली. "त्याआधी सलाईनमधून माझी साखर सोडायची. जड साखर. मग त्या तुकड्यात बघायचं, गाठीने तिचं काय केलं ते. मैत्रिणीशी बोलले मी. डॉक्टरही तयार आहेत."

त्याने हातातलं ताट ओट्यावर आपटलं. "म्हणजे आता तू उंदीर होणार?"

"तू नव्हतास झालास?"

"मला काही झालं नव्हतं तेव्हा! आणि उरलेले दिवस तू त्या मशीनला देणार?"

"माझे आहेत ना?"

"माझे नाहीत?"

ती थोडा वेळ टेबलावरचा पाण्याचा गोल डाग बोटाने पुसत राहिली.

"ऐक," ती म्हणाली. "सगळे म्हणतात, गाठ उधळी असते. मिळेल तेवढी साखर ओढते, अर्धवट जाळते आणि बाकीची टाकून देते. मला कधी पटलं नाही ते. मला वाटतं, ती पुरती जाळते. शेवटच्या कणापर्यंत. बैठकीत बोलले की सगळे हसायचे. लोकांच्या गाठी तपासायला मागायचे, तर लोक घाबरायचे. आता गाठ माझीच आहे, कुणाला विचारायला नको."

"हे कळलं की तू बरी होशील?"

"नाही."

"मग?"

"मग मला कळेल." तिने वर पाहिलं. "मिस्त्री, मरायच्या आधी मला एवढी एक गोष्ट कळून घ्यायचीय. दुसरं काही मागत नाही मी."

तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने आत आला आणि म्हणाला, "मी शेजारी बसणार."

"बस की. पण नळीला हात लावायचा नाही."

तो दिवस आला. पलंगावर ती, खुर्चीत तो, मधे खांबावर लटकलेली साखरेची बाटली. मैत्रीण येऊन नळी बघून गेली. खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यातून समोरची भिंत दिसत होती.

"काल मका खाल्लास का, बाई?" त्याने विचारलं.

ती हसली, हसताना कळ आली म्हणून डोळे मिटले. "हसवू नकोस रे."

"चहात साखर?"

"अर्धा चमचा."

"खोटं बोललेलं मला कळतं हं."

"तुला कुठलं कळतंय! मशीन माझ्याकडे होतं."

थेंब पडत होते. तिने हात पुढे केला, सुई नसलेला. त्याने तो दोन्ही हातांत घेतला. बोटं गार पडली होती.

"चार कणसं कशी संपवलीस रे?" तिने मधेच विचारलं.

"चौथं नाक दाबून गिळलं, एरंडेलासारखं."

"शी!"

"तू विचारलंस."

"मला त्या दिवशी पडदा बघताक्षणी कळलं होतं."

"मका?"

"नाही. बाकीचं." आणि डोळे मिटून पडून राहिली. बाटली संपली. मग तिला आत नेलं, तुकडा काढला, आणि तो बर्फात घालून मैत्रीण स्वतः घेऊन गेली.

उत्तर दोन आठवड्यांत यायचं होतं. आलं नाही. आधी मशीनवर दुसऱ्यांची रांग होती. मग रांग सरली आणि मशीनचा पंप गेला. त्याचा भाग बाहेरून मागवावा लागला. तो रोज दुपारी त्या इमारतीत जायचा, मैत्रिणीच्या दारात उभा राहायचा.

"आलं का?"

"नाही हो भाऊजी. तुम्ही फोन करत जा ना, कशाला हेलपाटा?"

"पंप मी बघू का जरा उघडून?"

"तुमच्या हातचं नाही ते. माझ्याही नाही." तिचेही डोळे खोल गेले होते. "मला काय कळत नाही का? ती माझी सुद्धा कुणीतरी आहे."

तो घरी यायचा. पहिल्या दिवसांत ती दाराकडे तोंड करून बसलेली असायची. पुढे पलंगावरून बघायची. नंतर त्याचा चेहरा बघायची आणि विचारायचीच नाही. त्याला ते सर्वांत जड जायचं.

शेवटी ताई त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "सांगून टाक ना तिला, तू बरोबर होतीस म्हणून. पोरीला समाधान तेवढंच. देव काही पाप लावणार नाही तुला."

त्या दुपारी तो इमारतीत न जाताच बाहेर फिरून आला. पलंगाच्या कडेला बसला. चेहरा होता होईल तो हसरा केला.

"आलं बघ उत्तर. तू बरोबर होतीस. गाठ साखर पुरती जाळते."

तिचे डोळे एकदम उघडले. कितीतरी दिवसांनी त्यांत ती जुनी, डबा पोटाशी धरलेली मुलगी दिसली. "आकडा किती?" तिने विचारलं.

त्याने तोंड उघडलं. आकडा त्याच्याकडे नव्हता. सांगायला एखादा सुचलाही नाही.

तिने वाट पाहिली. मग हळूच त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

"राहू दे, मिस्त्री. तुला नाही जमत ते. कधीच नव्हतं जमत." आणि थोड्या वेळाने, "ताईंनी सांगितलं का असं करायला?"

"हो."

"त्यांना म्हणावं, गोड आहेत त्या." मग तिने छताकडे पाहिलं. "पण तू जात जा हं रोज विचारायला. मी विचारलं नाही, तरी जात जा."

तो जात राहिला.

ती एका सकाळी गेली. ताई दूध तापवत होती, तो उशीचा अभ्रा बदलायला तिचं डोकं उचलत होता. डोकं हातात नेहमीपेक्षा जड लागलं, तेव्हा त्याला कळलं. तो तसाच बसून राहिला. ताईने हाक मारली तरी उठला नाही.

दिवस झाले, माणसं येऊन गेली. तो पुन्हा कामावर जायला लागला. एका दुपारी तो घरी असताना मैत्रीण आली. चप्पल काढून दारातच उभी राहिली.

"पंप सुरू झाला," ती म्हणाली. "काल तिचा तुकडा लावला मशीनला. तीनदा लावला, चूक नको म्हणून."

त्याने खुर्ची पुढे सरकवली, पण ती बसली नाही.

"आकडा किती?" त्याने विचारलं.

"गाठीत गेलेल्या साखरेतले शंभरातले एकाहत्तर कण पुरते जळालेत, भाऊजी. टाकून दिलेली साखर अगदी थोडी." तिने दाराची चौकट धरली. "एकाच माणसाच्या तुकड्यावरून जगाला काही सांगता येणार नाही. अजून पुष्कळ तपासावे लागतील. पण हिच्यापुरतं... ही बरोबर होती. हसले ते चुकले."

"एकाहत्तर," तो म्हणाला.

"हो."

ताईने चहा आणला. मैत्रिणीने दोन घोट घेतले, डोळे पुसले. हे छापून येईल तेव्हा सर्वांत आधी तिचं नाव असेल, असं म्हणाली आणि निघाली. त्याने तिला जिन्यापर्यंत सोडलं. परत येऊन पलंगाच्या रिकाम्या बाजूला बसला. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं.

आकडा त्याला पाठ आहे. झोपेतून उठवून कुणी विचारलं तरी सांगेल. तिला सांगायचा राहिला.